आप्पा गुणी झाले होते तेव्हा

आमच्या आप्पांना आरशासमोरून नुसतं जाता येत नसे. थांबायचे, मिशीला बोट लावायचे आणि मग आरशावर मेहेरबानी केल्यासारखे पुढे जायचे. नोकरी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटरची, पण शहादा तालुक्यात माणसं त्यांना ओळखायची ती लग्नात माइक धरणारे आप्पा म्हणून. आमच्याकडे लग्नात माइकचा मान मोठा. कोणत्या गावचे कोण पाहुणे आले ते मोठ्याने सांगायचं, त्यांना टॉवेल-टोपी द्यायला यजमानांना हाक मारायची, मंगलाष्टकांआधी मांडव शांत करायचा. ज्याचं नाव पुकारायचं राहिलं तो पाहुणा न जेवता गाडीत जाऊन बसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पा एकही नाव विसरत नसत. फक्त मधूनमधून स्वतःचं एक घालत.

माझ्या लग्नातही माइक त्यांच्याच हातात होता. मुलीच्या बापाने आज तरी तो खाली ठेवावा असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा त्यांनी त्या माणसाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पाठवणीच्या वेळी बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मांडवातून आवाज येत होता, "मंडळी, पाहा, आज एका बापाच्या काळजाचा तुकडा परक्या घरी चालला आहे. तो बाप कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको!" सगळा मांडव हुंदके देत होता आणि सगळे त्यांच्याकडे वळून बघत होते. मी गाडीत बसले, गाडी सुरू झाली, तरी आप्पा माझ्यापर्यंत आले नाहीत. माझ्या पाठवणीचं वर्णन अजून संपायचं होतं. मी रडले ती रागाने. नवऱ्याला वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

पण नुसता रागच होता म्हटलं तर ते खोटं ठरेल. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरली की आप्पा मला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून घेऊन जात. घोडा घ्यायचा प्रश्नच नव्हता, बांधायला जागासुद्धा नव्हती. आप्पा अख्खा बाजार फिरायचे आणि जो सगळ्यात देखणा घोडा असेल त्याच्या शेजारी, त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. येणारे-जाणारे त्यांनाच मालक समजून घोड्याचं वय विचारायचे, आणि आप्पा बिनदिक्कत सांगायचे. खरा मालक चहा पिऊन परतला की त्यालाच घोड्याची निगा कशी राखावी ते शिकवायचे. आणि तो मालक, काय जादू व्हायची कोण जाणे, हसून मला उचलून घोड्यावर बसवायचा. वरून खाली पाहिलं की आप्पा दिसायचे, त्यांच्याभोवती माणसं, तापीकडून येणारं गार वारं. हे सगळं आपलंच आहे असं मला तिथे वाटायचं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही, आणि त्या दिवसांची आठवण आली की आजही जीव हुरहुरतो.

माय मात्र कधी जत्रेला आली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आप्पांबद्दल मी कुरकुर केली की ती म्हणायची, "सोभाव शे त्यासन्हा. सोभावले काय करशी?" आणि पुन्हा चुलीकडे वळायची. आप्पांच्या गोष्टींत माय नसायचीच. त्यांनी सांगितलेलं ऐकलं तर आम्ही भावंडं त्यांनी एकट्याने वाढवली असं वाटावं.

आता मी नंदुरबारात एका खासगी केंद्रात एमआरआयच्या मशीनवर काम करते. दिवसभर लोकांच्या डोक्यांची चित्रं काढायची, हा माझा धंदा. आमच्याकडे रिपोर्ट लिहिणारे एक डॉक्टर आहेत. त्यांना मी एकदा चहा पिताना विचारलं, "सर, स्वतःच्याच प्रेमात असलेल्या माणसाचा मेंदू वेगळा दिसतो का हो?" ते हसले. म्हणाले, "यावर अभ्यास होतोय. मेंदूच्या बाजूला, आत दडलेली एक घडी असते. दुसऱ्याचं दुःख आपल्याला जाणवतं, त्यात तिचा हात आहे. फार आत्मप्रौढी असणाऱ्या काही लोकांत तिथला थर जरा पातळ आढळला. कपाळामागच्या भागातही फरक दिसलेत. पण हे कधी, तर पुष्कळ माणसांची सरासरी काढल्यावर. एकाचं चित्र बघून हा गर्विष्ठ, हा नम्र, असं कुणी सांगायला लागला तर त्याला हाकलून दे." आणि कप ठेवता ठेवता म्हणाले, "शिवाय आधी काय, पातळ थर की तसा स्वभाव, हे कुणालाच माहीत नाही." मला मात्र दुसरंच वाटत राहिलं. आप्पांची ती घडी पातळ असेलच, तर ती तशी करायला अख्ख्या तालुक्याने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यात पहिल्या रांगेत मी होते.

आप्पा निवृत्त झाले आणि काही काळाने बदलले. एका लग्नाचं बोलावणं घेऊन माणसं आली तर म्हणाले, "पोरं चांगलं बोलतंस आते. त्यासले द्या माइक." ती माणसं चहा तसाच सोडून एकमेकांकडे बघत राहिली. आप्पांचं आरशापुढे थांबणं गेलं, मोठ्याने बोलणं गेलं. ओसरीत खाटेवर बसून राहायचे आणि कुणी काही सांगितलं तर ऐकून घ्यायचे. एका दुपारी जेवता जेवता मान वर करून त्यांनी मायला विचारलं, "तू जेवनी का?" माय म्हणते, त्या दिवशी तिची भाकर तव्यावर जळून कोळसा झाली. तरी आप्पा शब्दाने बोलले नाहीत. पूर्वी भाजीला जरा करपट वास आला की ताट सरकवणारा हा माणूस.

त्या श्रावणात कानबाई बसली, आमच्या खानदेशातली घरोघरची देवी. आमच्या सगळ्या भाऊबंदांची मिळून एकच कानबाई. तिच्या नैवेद्याचे रोट सगळ्यांनी एकत्र बसून खायचे. दुसऱ्या दिवशी कानबाई डोक्यावर घेऊन मिरवणूक नदीकडे निघते, तेव्हा सगळ्यांच्या पुढे नाचायचा मान आप्पांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकलेला होता. त्या वर्षी ते मागे, बायांच्या जवळून चालले होते. मायच्या हातात पूजेचं ताट होतं. ते त्यांनी आपल्या हातात घेतलं आणि म्हणाले, "तू खेय." माय आधी लाजली, मग एका जावेचे हात धरून तिने अशी फुगडी घातली की तिचा पदर सुटून खांद्यावर आला. मी तिला फुगडी खेळताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती हसत होती आणि आप्पा ताट धरून तिच्याकडे बघत उभे होते.

"कानबाईनी ऐकं मन्हं," माय मला घरी आल्यावर म्हणाली. भाऊबंद म्हणाले, वय झालं की माणूस निवतो. कुणी म्हणालं, आता यांना माळ घालायला सांगा. आम्ही सगळे खूश होतो. मायच्या अंगावर मांस चढलं, ती फोनवर मला आज आप्पांनी काय विचारलं ते सांगायची, नव्या नवरीने सांगावं तसं. मला मात्र माहेरी गेलं की घर रितं वाटायचं. ओसरीत आवाजच नसायचा. पण हे बोलणार कुणाजवळ? मायचं सुख माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि माझं दुखणं असं की सांगायलाही लाज वाटावी.

मग एका हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. उसाचा हंगाम चालू होता. हंगामात आमच्या गावापर्यंत कारखान्याच्या मळीचा वास येतो. कपड्यांना, अंथरुणाला, सगळ्याला येतो. आप्पा मला म्हणाले, "औंदा कारखाना चालू व्हयना नही का व?" मला आधी थट्टा वाटली. मग मी घरात जाऊन हिंगाची डबी आणली, चहाची पूड आणली, शेवटी रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी त्यांच्या नाकाशी धरली. आप्पा शांतपणे म्हणाले, "काई नही." मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, यांना वास येईनासा होऊन पुष्कळ दिवस झाले असतील, काही करपलं तरी कळत नाही. करपलेलं मुकाट खातात हा तिला त्यांचा चांगुलपणा वाटला होता.

चित्रं माझ्याच मशीनवर काढली. आप्पा आत झोपले होते आणि मी काचेच्या अलीकडे बसले होते. कपाळाच्या मागे, नाकाच्या बरोबर वर, मोठ्या लिंबाएवढी गोल गाठ होती आणि तिने मेंदूचा पुढचा भाग मागे रेटला होता. तरीही हट्टाने मी ती बाजूची घडी शोधली. ती कुणाचीही असावी तशी होती. रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "गाठ साधी वाटते, हळूहळू वाढणारी. काही वर्षांची असेल. या ठिकाणी गाठ आली की वास जातो आणि काही माणसं थंड होतात. भांडण सोडतात, आग्रह सोडतात. घरच्यांना वाटतं, शहाणे झाले."

मायला हे मी सांगितलं तेव्हा तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हंजे ते 'जेवनी का' इचारेत, ते बी गाठच इचारे?" मी म्हणाले, तसं काही म्हणता येत नाही. डॉक्टरसुद्धा तसं म्हणत नाहीत. पण तिला जे कळायचं ते कळलं होतं.

सुरतला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आप्पांना तपासून बाहेर बसवलं आणि आम्हा दोघींना समजावलं. मायने आपल्या बोलीत विचारलं आणि मी ते हिंदीत सांगितलं: गाठ काढली की हे पहिल्यासारखे होतील का? डॉक्टरांनी फार आपुलकीने तिच्याकडे पाहिलं. "बिलकुल, माजी. बहुत करके पहले जैसे हो जाएँगे." बायकोला धीर द्यावा म्हणून ते तसं म्हणाले. मायचा चेहरा पडला, तो त्यांना कसा समजावा? तिने मग विचारलं, आणि नाही काढली तर? ते म्हणाले, आधी दृष्टी जाईल, मग बाकीचंही. माय थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काढा. पन पहिले आम्हले जत्रा दखी येऊ द्या."

सूज उतरायच्या गोळ्या देऊन डॉक्टरांनी थोडे दिवस सोडलं. आम्ही तिघं सारंगखेड्याला गेलो. गर्दीत आप्पांनी मायचा हात कोपराशी धरला होता. बांगड्यांच्या दुकानात माय बसली आणि आप्पा तिची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले. कासाराने बांगडी चढवताना माय "आई गं" म्हणाली, तर आप्पांनी त्याला सांगितलं, "हयू भरा, भाऊ." माय सबंध दिवस बोलत होती. लहानपणीच्या गोष्टी, तिच्या माहेरच्या विहिरीच्या, मी कधीच न ऐकलेल्या. आप्पा ऐकत होते.

घोड्यांच्या बाजारात एक पांढराशुभ्र घोडा होता, लोक त्याच्याभोवती जमले होते. आप्पा त्याच्याकडे नुसते बघून पुढे गेले. मला तिथे उभ्या उभ्या रडू फुटलं. मायला जो माणूस हवा होता तो तिचा हात धरून चालत होता, आणि मला जो हवा होता तो त्या गाठीखाली दबलेला होता. एकाच माणसासाठी आम्ही मायलेकी दोन उलट गोष्टी मागत होतो. आणि माझ्या मनासारखं होणार होतं, हे मला माहीत होतं. मी मायच्या नजरेला नजर दिली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आणल्यावर आप्पा आधी नुसते झोपून असायचे, मग बसायला लागले, मग बोलायला. परत काढलेल्या चित्रांचा रिपोर्ट मी त्यांना वाचून दाखवला: गाठ पूर्ण निघाली आहे, बाकी मेंदू वयानुसार सामान्य. आप्पा उशीवरून उठून बसले. "सामान्य? म्हंजे सगळासारखा? त्यानी नीट दखं का?" मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आप्पा आले होते, माझे आप्पा! मी मागे वळले तर माय उठून आत गेली होती.

पुढे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे दवाखान्यातून परतलेल्या माणसाला बघायला गाव लोटतं, हातात बिस्किटांचा पुडा किंवा केळी घेऊन. आप्पांनी खाट ओसरीच्या मधोमध घेतली. "डॉक्टरना हात कापे. मीच त्याले धीर दिधा," ते सांगायचे. स्वतः तेव्हा पुरते बेशुद्ध होते, ही किरकोळ गोष्ट कुणी विचारत नसे. माणसं मांड्या थोपटत ऐकायची. माय चहा आणायची, आप्पा न बघता कप घ्यायचे. वास त्यांना परत आला नाही, तरी भाजीला नावं ठेवणं मात्र परत आलं. मायने तक्रार केली नाही. तिने फक्त बोलणं कमी केलं. मला माझ्या त्या हसण्याची सल लागून राहिली, कारण आनंद खरा होता आणि तो तिच्या वाट्याचा कापून मला मिळाला होता.

एका सकाळी पाहुणे नव्हते. आप्पांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज बराच खाली आणून म्हणाले, "माले त्या दोन वरीस याद शेतस."

मी खाटेच्या कडेला बसले.

"तवय तुन्ही माय हासे," ते म्हणाले. "माले तिन्हं हसनं आजबी दिसस. पन मी काय करू तवय, ते नही दिसत. तुन्हा मशीनमा दिसस का ते?"

आयुष्यात पहिल्यांदा आप्पा मला काही विचारत होते, ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "नाही आप्पा. मशीनमध्ये ते दिसत नाही. आणि तुम्ही तसं काही करत नव्हता. तिच्याकडे बघायचा, एवढंच."

"एवढंच?" आप्पा नाराज झाले. "ते ते कोन्ही बी करी."

थोडा वेळ ते खाटेची दोरी चाचपत बसले. मग भिंतीला धरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. माय आत मेथीची जुडी सोडून बसली होती. आप्पांना काय बोलावं ते सुचेना. शेवटी ते म्हणाले, "मी सोता उठी उनू. कोन्ही सांगं नही माले."

मायने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं. बठा," ती म्हणाली.

आप्पा बसले, अवघडत. समोरच्या जुडीतल्या चार काड्या उचलल्या आणि निवडायला लागले. पानं कचऱ्यात टाकत होते आणि देठं ताटात. "अशी मेथी," ते म्हणाले, "पुरा तालुकामा कोन्ही निवाडत नही."

माय हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर घेऊन, मग पदराबिदराची पर्वा न करता. ते हसणं आपल्यासाठीच आहे ना, हे बघायला आप्पांनी पटकन मान वर केली. टाळी मिळाल्यावर करायचे तशी. आणि ती खाली घालायची राहून गेली. ते मायकडे बघत राहिले, हातातली काडी तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तळोद्याकडचे पाहुणे आले. आप्पांचा आवाज ओसरीतून आतपर्यंत येत होता, डॉक्टरचे हात कापत होते, माणसं मांड्या थोपटत होती. स्वयंपाकाला उशीर होत होता, म्हणून मी भाजी निवडायला घेतली. मायने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ती दाराकडे बघत म्हणाली. "जराक वाट दखू."